स्टार्टर प्रोजेक्टमधल्या एवढ्या फाइलींपैकी माझ्या नेमक्या कोणत्या?

शून्यापासून
शनिवार, सकाळी १०:१२

एचटीएमएल, सीएसएस येतं, जावास्क्रिप्ट कामापुरती येते. आजवर माझी वेबसाइट म्हणजे एका फोल्डरात तीन फाइली. इंडेक्सवर डबल क्लिक केलं की पान उघडायचं, विषय संपला. आता रिअ‍ॅक्ट (पानं तुकड्यातुकड्यांनी बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिकायचं म्हणून काल रात्री व्हीट या साधनाचा स्टार्टर, म्हणजे तयार कोरा प्रोजेक्ट, उतरवला. एक कमांड दिली, दोनतीन प्रश्नांना एंटर मारला, सांगितलं तसं इन्स्टॉल केलं आणि फोल्डर उघडून बघते तर हा बारदाना:

नोड_मॉड्यूल्स, पब्लिक, एसआरसी (आत आणखी असेट्स), .गिटइग्नोर, ईएसलिंट.कॉन्फिग.जेएस, इंडेक्स.एचटीएमएल, पॅकेज.जेसन, पॅकेज-लॉक.जेसन, रीडमी.एमडी, व्हीट.कॉन्फिग.जेएस

(नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, सांभाळून घ्या.)

पान चालतंय. लोगो गरगर फिरतोय, बटण दाबलं की आकडा वाढतोय. पण कशाला हात लावायचा आणि कशाला नाही याचा पत्ता नाही. सवयीने इंडेक्स.एचटीएमएलवर डबल क्लिक केलं तर पांढरं फटक पान! व्हिडिओत बघावं तर जो तो "हे सध्या सोडून द्या" म्हणून पुढे जातो. सोडून सोडून शेवटी हातात काय राहतं?

टिचकी
शनिवार, सकाळी १०:३०

एसआरसीमध्ये काम करा, बाकीचं विसरा. सगळे तेच करतात भाऊ.

शून्यापासून
शनिवार, सकाळी १०:३४

ताई म्हणा. आणि विसरायला आधी काहीतरी माहीत असावं लागतं ना!

जुना_खांब
शनिवार, सकाळी ११:०५

ताई, पांढऱ्या पानाचा प्रश्न चांगला आहे, त्याच टोकाने सुरुवात करू.

तुमच्या जुन्या तीन फाइलींचा वाचक एकच होता, ब्राउझर. म्हणून सगळं सरळ होतं. आता त्याच फोल्डरात पाचसहा वाचक येऊन बसलेत. पॅकेज.जेसन एनपीएम (तयार कोडची पॅकेजेस उतरवणारं साधन) वाचतो, व्हीट.कॉन्फिग व्हीट वाचतो, .गिटइग्नोर गिट (फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं) वाचतो, ईएसलिंटची फाइल ईएसलिंट (कोडमधल्या चुका हेरणारं) वाचतो, रीडमी माणसं वाचतात. ब्राउझरला यातल्या एकाचीही ओळख नाही. त्यामुळे "ही फाइल म्हणजे काय" असं विचारत बसू नका. दोनच गोष्टी विचारा: हिला लिहितं कोण आणि वाचतं कोण. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

आता इंडेक्स.एचटीएमएल उघडा. आत एक रिकामा डिव्ह दिसेल, आयडी 'रूट'. त्याखाली एक स्क्रिप्ट टॅग, टाइप 'मॉड्यूल', आणि सोर्समध्ये एसआरसीतल्या मेन.जेएसएक्सचा पत्ता. बस्स, एवढंच. डबल क्लिक केल्यावर ब्राउझर ही फाइल थेट डिस्कवरून उघडतो, तेव्हा दोन गोष्टी अडतात. एक तर त्या पत्त्याची सुरुवात तिरक्या रेघेने आहे. सर्व्हरवर तिचा अर्थ 'साइटचं मूळ' असा होतो, डिस्कवर मात्र ब्राउझर ड्राइव्हच्या मुळाशी जाऊन शोधत बसतो. दुसरं म्हणजे मॉड्यूल प्रकारची स्क्रिप्ट डिस्कवरून थेट उचलायला ब्राउझर सुरक्षेपोटी नकार देतो. ती मिळाली असती तरी जेएसएक्स, म्हणजे जावास्क्रिप्टमध्येच टॅग लिहायची पद्धत, त्याला कळत नाही. म्हणून डिव्ह रिकामा तो रिकामाच, आणि पान पांढरं.

डेव्ह सर्व्हर ('एनपीएम रन डेव्ह'ने तुमच्याच मशीनवर चालणारा) चालू असताना व्हीट मध्ये उभा असतो. ब्राउझरने मेन.जेएसएक्स मागितली की तो ती तिथल्या तिथे साध्या जावास्क्रिप्टमध्ये बदलून हातात देतो. खोटं वाटत असेल तर डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅबवर जा, मेन.जेएसएक्सवर क्लिक करा आणि रिस्पॉन्स वाचा. तुमच्या एडिटरमधली फाइल आणि तिथली फाइल शेजारी ठेवून बघा. तुम्ही टॅग लिहिले होते, तिथे फंक्शनचे कॉल दिसतील.

अवांतर: व्हाइट नव्हे, व्हीट. फ्रेंच शब्द आहे, अर्थ झटपट. पान उघडताना पत्त्यात दिसणारा ५१७३ हा पोर्टसुद्धा त्यावरूनच काढलाय: रोमन ५ म्हणजे व्ही, १ म्हणजे आय, इंग्रजी ७ टीसारखा, इंग्रजी ३ उलट्या ईसारखा.

निळी_शाई
शनिवार, सकाळी ११:४०

+१ जुना_खांब. एक भर घालते. जुने धडे वाचताना इंडेक्स.एचटीएमएल पब्लिक फोल्डरात दिसेल, तेव्हा दचकू नका. तो क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपचा जमाना. त्या साधनाची शिफारस रिअ‍ॅक्टवाल्यांनीच २०२५ च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे थांबवली. व्हीटमध्ये इंडेक्स.एचटीएमएल बाहेर, मुळातच असते, कारण व्हीट तिलाच प्रवेशद्वार मानतो आणि तिथून स्क्रिप्टचा माग काढत आत शिरतो.

आणि हो, त्या फाइलीतलं टायटल बदला. स्टार्टरचंच टायटल घेऊन प्रकाशित झालेल्या साइटी मी कितीतरी बघितल्यात. त्यातली एक माझी.

शून्यापासून
शनिवार, दुपारी १२:१५

नेटवर्क टॅब बघितला. भारी! मी लिहिलेली एक ओळ आणि तिथे पाच. आता पॅकेज.जेसन आणि पॅकेज-लॉक.जेसन. एक छोटी, दुसरी हजारो ओळींची. दोन कशाला?

टिचकी
शनिवार, दुपारी १२:२१

लॉकवाली उडवा, पुन्हा तयार होते. मी तर ती गिटमध्येही टाकत नाही, उगाच डिफ (बदलांची यादी) फुगतो.

जुना_खांब
शनिवार, दुपारी १२:५०

टिचकी, हे मात्र सांगू नका कुणाला. पुन्हा तयार होते हे खरं, पण तीच तयार होत नाही.

पॅकेज.जेसनमध्ये आवृत्तीच्या आकड्याआधी एक टोपीसारखं चिन्ह असतं ना, त्याचा अर्थ "ही किंवा हिच्यापुढची, पहिला आकडा तोच असेपर्यंत कोणतीही". म्हणजे टोपी घातलेली ४.२.० असेल तर ४.९.१ चालेल, ५.०.० नाही. ही झाली इच्छा. प्रत्यक्षात त्या दिवशी कोणती आवृत्ती आली, तिने पाठोपाठ आणखी काय काय आणलं, कुठून आणलं, हा पंचनामा लॉक फाइलीत असतो. इच्छा तुम्ही लिहिता, पंचनामा एनपीएम लिहितो. दोन्ही वाचतो एनपीएमच. ही फाइल २०१७ साली एनपीएमच्या ५ व्या आवृत्तीपासून आली. त्याआधी "माझ्याकडे चालतंय, तुझ्याकडे का नाही" हा रोजचा तमाशा होता.

लॉक गिटमध्ये ठेवायची, हाताने कधी लिहायची नाही. आणि नव्या मशीनवर 'एनपीएम सीआय' चालवायचं. हा आदेश आधी नोड_मॉड्यूल्स पुसतो आणि मग लॉकमध्ये आहे तसंच्या तसं बसवतो. पॅकेज.जेसन आणि लॉक यांचं जमत नसेल तर चूक दाखवून तिथेच थांबतो, आपल्या मनाने काही ठरवत नाही. मला तो स्वभाव आवडतो.

टिचकी
शनिवार, दुपारी १२:५८

बरं बाबा. घेतो गिटमध्ये.

अर्धविराम
शनिवार, दुपारी २:१०

नोड_मॉड्यूल्सबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी.

हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तुमचा कोड दहा किलोबाइट आणि हे फोल्डर त्याच्या हजारो पट. तुम्ही मागितली चारपाच पॅकेजेस, त्यांना लागतात आणखी पन्नास, त्या पन्नासांचेही सगेसोयरे असतातच. कुणाला कुणी आणलं हे बघायचं असेल तर 'एनपीएम एक्सप्लेन' आणि पुढे त्या पॅकेजचं नाव द्या, पूर्ण वंशावळ निघते.

अशी साखळी किती नाजूक असते ते २०१६ च्या मार्चमध्ये दिसलं. लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज होतं, शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा भरण्यापुरतं. लेखकाने वादातून ते एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड (कोडवरून तयार साइट किंवा प्रोग्रॅम बनवायची प्रक्रिया) धडाधड पडले. पडलेल्यांपैकी बहुतेकांना आपण ते वापरतो हेच ठाऊक नव्हतं. त्यानंतर एनपीएमने प्रकाशित पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले.

या फोल्डरात हाताने बदल करू नका, पुढच्या इन्स्टॉलला तो पुसला जाऊ शकतो. गिटमध्ये टाकू नका, पेनड्राइव्हवरून कुणाला देऊ नका. पुसलं तरी बिघडत नाही, लॉकवरून परत येतं.

एक गंमत मात्र आत आहे. टर्मिनलमध्ये नुसतं 'व्हीट' टाइप करून बघा, कमांड सापडत नाही म्हणेल. 'एनपीएम रन डेव्ह' म्हटलं की चालतं. आता पॅकेज.जेसनमध्ये 'स्क्रिप्ट्स' बघा: 'डेव्ह'समोर फक्त 'व्हीट' लिहिलंय! मग हे चाललं कसं? नोड_मॉड्यूल्सच्या आत .बिन नावाचं फोल्डर आहे, चालवता येणाऱ्या कमांडी तिथे असतात. 'एनपीएम रन' तेवढ्यापुरता तो पत्ता शोधयादीत घालतो. मला हे कळायला दोन वर्षं लागली, तोवर मंत्र म्हणावा तसं म्हणत होतो.

शून्यापासून
शनिवार, सायंकाळी ६:४५

.बिन दिसेना. मग कळलं की टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली लपलेल्या असतात. का पण?

जुना_खांब
शनिवार, सायंकाळी ७:०२

ही जुनी चूक आहे, पुढे रूढी झाली. युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी हा किस्सा लिहिलाय. प्रत्येक फोल्डरात 'हे फोल्डर' आणि 'वरचं फोल्डर' अशा एक टिंब, दोन टिंब नावाच्या नोंदी असतात. यादीत त्या दिसू नयेत म्हणून कुणीतरी सोपी तपासणी घातली: पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून दे. त्या आळसाने टिंबाने सुरू होणारं सगळंच अदृश्य झालं. मग लोकांनी आपापल्या सेटिंगच्या फाइली तिथे दडवायला सुरुवात केली, ती आजतागायत.

निळी_शाई
शनिवार, रात्री ८:३०

टिंबाच्या फाइलींवरून माझी फजिती सांगते, म्हणजे कुणाचा तरी हात भाजायचा वाचेल.

पहिल्याच प्रोजेक्टमध्ये एका सेवेची एपीआय की (ती सेवा वापरायची खासगी किल्ली) .ईएनव्ही नावाच्या फाइलीत ठेवली. कुठेतरी वाचलं होतं की गुपितं .ईएनव्हीमध्ये ठेवतात. .गिटइग्नोर, म्हणजे गिटने सोडून द्यायच्या फाइलींची यादी, तर स्टार्टरने दिलेलीच होती, तेव्हा निर्धास्त होते. पुश केलं, म्हणजे गिटने कोड ऑनलाइन चढवला. दुसऱ्या दिवशी की कुणी दुसराच वापरतोय म्हणून त्या सेवेकडून मेल!

झालं असं की व्हीटच्या .गिटइग्नोरमध्ये '.लोकल'ने संपणारी नावं वगळलेली असतात. .ईएनव्ही.लोकल वगळली जाते, नुसती .ईएनव्ही नाही. मी यादी वाचलीच नव्हती. मग घाईघाईने फाइल पुसून पुन्हा पुश केलं, तर गिटच्या इतिहासात ती जशीच्या तशी! शेवटी की रद्द करून नवी घेतली, दुसरा इलाज नाही.

आणि खरा धडा तर पुढे होता. व्हीट .ईएनव्हीमधली फक्त 'व्हीट_' या उपसर्गाची नावं तुमच्या कोडला देतो. मी तो उपसर्ग लावला, चाललं, खूश झाले. पण त्या नावाची किंमत, म्हणजे माझी की, बिल्डच्या वेळी थेट जावास्क्रिप्टमध्ये छापली जाते. म्हणजे फाइल गिटमध्ये नसली तरी साइट उघडणारा कुणीही सोर्समध्ये ती वाचू शकतो. ब्राउझरकडे गेलेली गोष्ट गुपित नसते. खरं गुपित सर्व्हरवरच्या कोडमध्ये ठेवायचं.

अर्धविराम
शनिवार, रात्री ८:५१

खांबांच्या भाषेत: तिचा वाचक कोण हे विचारलंच नव्हतं :)

.गिटइग्नोरबद्दल आणखी एक. गिटने एकदा दप्तरी घेतलेली फाइल नंतर यादीत घालून उपयोग नाही, तो तिचा पाठलाग चालूच ठेवतो. 'गिट आरएम'ला 'कॅश्ड' हा पर्याय लावून नोंद काढावी लागते. फाइल डिस्कवर राहते, नोंद जाते.

शून्यापासून
रविवार, सकाळी ९:२०

काल बिल्ड करून बघितलं. डिस्ट नावाचं नवं फोल्डर आलं. दोन अडचणी.

१) पब्लिकमध्ये ठेवलेलं चित्र मी 'पब्लिक/फोटो' असा पत्ता देऊन लावलं होतं. बिल्डनंतर गायब.
२) असेट्समध्ये दोन चित्रं होती. मोठं डिस्टमध्ये आहे पण नावाला विचित्र शेपूट लागलंय. छोटं आयकॉन तर फोल्डरात कुठेच नाही, तरी पानावर दिसतंय! भूत आहे का?

जुना_खांब
रविवार, सकाळी ९:५५

भूतच समजा, पण कामाचं.

पब्लिक म्हणजे "जसं आहे तसं पुढे पाठवा" असं सांगून ठेवलेला खण. बिल्डच्या वेळी त्यातल्या वस्तू डिस्टच्या मुळाशी कॉपी होतात, 'पब्लिक' हे नाव मागेच राहतं. म्हणून पत्ता तिरकी रेघ आणि फाइलचं नाव एवढाच. जिचं नाव काहीही झालं तरी बदलता कामा नये ती वस्तू इथे. उदाहरणार्थ रोबोट्स.टीएक्सटी: सर्च इंजिनं ती ठरलेल्या पत्त्यावरच शोधतात, १९९४ पासूनची पद्धत आहे.

असेट्समधल्या फाइली तुम्ही कोडमध्ये इम्पोर्ट करता, त्यामुळे व्हीट त्यांच्याशी खेळू शकतो. ती शेपूट फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली असते. चित्र बदललं की शेपूट बदलते, नाव नवं होतं, आणि ब्राउझरने साठवलेलं जुनं चित्र आड येत नाही. उलट चित्र तेच राहिलं तर नावही तेच, मग ब्राउझर ते खुशाल वर्षभर जपून ठेवू शकतो.

छोट्या आयकॉनचं उत्तर: ४ केबीपेक्षा लहान फाइल व्हीट वेगळी ठेवतच नाही. तिचा मजकूर अक्षरांत बदलून थेट कोडमध्ये शिवून टाकतो, एक फेरी वाचते. डिस्टमधली जावास्क्रिप्ट उघडून 'बेस६४' शोधा, तिथे सापडेल तुमचं भूत.

आणि डिस्टमध्ये हाताने काही दुरुस्त करू नका. ते फोल्डर व्हीट लिहितो, वाचतो ब्राउझर. दर बिल्डला आधी रिकामं होतं. सर्व्हरवर चढवायचं ते हेच, पूर्ण प्रोजेक्ट नव्हे. चढवण्याआधी बघायचं असेल तर 'एनपीएम रन प्रिव्ह्यू', तिथेही डबल क्लिक चालणार नाही. साइट उपफोल्डरात बसणार असेल तर व्हीट.कॉन्फिगमध्ये 'बेस' (त्या उपफोल्डराचा पत्ता) लिहा, नाहीतर पुन्हा पांढरं पान.

कोपरा
रविवार, दुपारी १:१५

चढवण्याचा विषय निघालाच आहे तर: फाइलींच्या नावातली लहानमोठी इंग्रजी अक्षरं सांभाळा. माझ्या हेडर फाइलीतला एच मोठा होता, इम्पोर्टमध्ये छोटा लिहिला होता. विंडोजवर महिनाभर बिनबोभाट चाललं. लिनक्सच्या सर्व्हरवर बिल्ड पडला, 'फाइल सापडत नाही'. फाइल डोळ्यांसमोर दिसतेय आणि हा म्हणतो नाही! लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. वर नाव बदललं तर विंडोजवर गिटला बदलच दिसेना, 'गिट एमव्ही' वापरून बदलावं लागलं. एक अख्खी रात्र गेली.

टिचकी
रविवार, दुपारी १:३२

आता एसआरसीच्या आत कसं मांडायचं तेही सांगा. मी कंपोनंट्स, हुक्स, युटिल्स, पेजेस, सर्व्हिसेस अशी फोल्डरं आधीच करून ठेवतो. टापटीप दिसतं.

अर्धविराम
रविवार, दुपारी २:०५

आणि त्यातली चार रिकामी असतात :) मला नाही पटत. स्टार्टरने दिलेल्या मेन.जेएसएक्स, अ‍ॅप.जेएसएक्स आणि त्यांच्या सीएसएस एवढ्यावर सुरू करावं. अ‍ॅपची फाइल स्क्रोल करून कंटाळा आला की पहिला तुकडा बाहेर काढावा. फोल्डर नंतर.

निळी_शाई
रविवार, दुपारी २:२०

मी विषयवार ठेवते. लॉगिनचा कंपोनंट (पानावरचा तुकडा), त्याची सीएसएस, त्याचा हुक (रिअ‍ॅक्टमधलं खास फंक्शन), सगळं 'लॉगिन' फोल्डरात. एक गोष्ट काढून टाकायची वेळ आली की एक फोल्डर पुसलं, झालं. प्रकारवार मांडणीत तेच पाच ठिकाणी वेचत फिरावं लागतं. अर्थात दहा फाइलींच्या प्रोजेक्टला काहीही चालतं, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. आणि यात व्हीटचं मत शून्य आहे. एसआरसीच्या आत कुठेही ठेवा, इम्पोर्ट बरोबर असला की झालं.

जुना_खांब
रविवार, दुपारी ३:००

ताई, एक खेळ सुचवतो. कोऱ्या स्टार्टरवर गिट सुरू करा, पहिली कमिट (गिटमधली नोंद) टाका आणि मग एकेक फाइल पुसून बघा. काय मोडतं, कोण ओरडतं, काय आपोआप परत येतं. प्रत्येक वेळी 'गिट रिस्टोर' करून पुढची. वाचून कळत नाही ते तासाभरात कळेल.

शून्यापासून
रविवार, रात्री ९:४०

केलं! माझी वही:

ईएसलिंटची फाइल पुसली: साइटला ढिम्म फरक नाही, 'एनपीएम रन लिंट' तेवढं रडलं. रीडमी पुसली: कुणीच ओरडलं नाही. आत तसंही स्टार्टरचीच माहिती होती, माझ्या प्रोजेक्टबद्दल अक्षर नाही. पब्लिक पुसलं: टॅबवरचं चिन्ह गेलं, बाकी ठीक. अ‍ॅप.सीएसएस पुसली: स्क्रीनभर लाल पाटी, इम्पोर्ट सापडत नाही. फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांकासकट, हे आवडलं. इंडेक्स.एचटीएमएल पुसली: ४०४. म्हणजे दार ते खरंच. नोड_मॉड्यूल्स आणि डिस्ट दोन्ही पुसले: एकदा सीआय, एकदा बिल्ड, दोन्ही जागच्या जागी. पॅकेज.जेसन पुसली: 'एनपीएम रन डेव्ह' जागचं हललं नाही, त्याला डेव्ह म्हणजे काय हेच माहीत नाही.

एक गोष्ट कळली नाही. पॅकेज.जेसनमधली 'टाइप: मॉड्यूल' ही ओळ काढली आणि तरी साइट चालली. मग ती कशाला?

अर्धविराम
रविवार, रात्री १०:०५

ती ओळ ब्राउझरसाठी नाही, नोडसाठी (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) आहे. .जेएस फाइलीत इम्पोर्ट-एक्सपोर्टची नवी पद्धत समजायची की रिक्वायरची जुनी, हे नोड तिच्यावरून ठरवतो. तुमचा एसआरसीमधला कोड व्हीटच्या हातून जातो, त्याला फरक पडत नाही. व्हीट.कॉन्फिग वाचतानाही व्हीट सांभाळून घेतो. पण ती ओळ असताना कुठल्यातरी जुन्या धड्यातली 'रिक्वायर'वाली कॉन्फिग फाइल चिकटवलीत की 'रिक्वायर इज नॉट डिफाइन्ड' म्हणून नोड अडेल. तेव्हा हा धागा आठवा.

शून्यापासून
रविवार, रात्री १०:२०

आठवेन. रीडमी नवी लिहिली, चारच ओळी: हे काय आहे, नोडची कोणती आवृत्ती लागते, 'सीआय' मग 'डेव्ह', आणि .ईएनव्ही.लोकलमध्ये कोणती नावं भरायची. सगळ्यांचे आभार. आताच साइट चढवली, लिंक व्यनि करते.

निळी_शाई
रविवार, रात्री १०:३१

बघितली, छान झालीय. टायटल बदलायचं राहिलंय.

शून्यापासून
रविवार, रात्री १०:३३

अरे देवा. पुन्हा बिल्ड.